गिटारच्या नेकमध्ये कार्बनची पट्टी: कोणता गोंद धरतो आणि कोणता सोडून देतो

तारांच्या ताणाने नेक, म्हणजे गिटारचा लांब दांडा, वाकू नये म्हणून त्यात खाच पाडून कार्बन फायबरची पट्टी चिकटवतात. राउटरने, म्हणजे लाकूड कोरायच्या यंत्राने, खाच मारणं तुम्हाला येतं असं धरून चालतो. पट्टी ३ मिमी रुंद असेल तर खाच ३.२ मिमी ठेवा. हातोडीने ठोकून पट्टी आत घालावी लागली, तर गोंद सगळा वर येतो आणि जोडात काही उरत नाही.

सुतारकामाचा पांढरा गोंद इथे वापरू नका. त्यातलं पाणी लाकडात जिरतं तेव्हा तो सुकतो, आणि कार्बन पाणी पीत नाही. वर त्याच पाण्याने खाच फुगते. शिवाय हा गोंद सततच्या ताणाखाली हळूहळू सरकतो. स्टीलच्या सहा तारांचा गिटारवरचा एकूण ताण साधारण ७० किलोच्या घरात असतो, तोही रात्रंदिवस. गोंद सरकला की पट्टी आत नुसती पडून राहते आणि नेक वाकतो.

झटपट चिकटणारा पातळ गोंद ठिसूळ असतो, आणि पट्टी तळाला टेकायच्या आत धरतो. फेस येणारा पॉलियुरेथेन गोंद फट भरल्यासारखी दाखवतो, पण त्या फेसात ताकद नसते. मालवण-रत्नागिरीकडे आणखी एक सल्ला हमखास मिळतो: फायबरच्या होड्या बांधणाऱ्यांकडून रेझिन आणा. ते बहुतेक पॉलिस्टर असतं. वाळताना आकसतं, लाकडाला जेमतेम धरतं, आणि शिसवीसारख्या लाकडावर नीट कडकही होत नाही. होडीत काचेच्या कापडाबरोबर ते उत्तम काम करतं, तिथेच राहू द्या.

वापरायचा तो इपॉक्सी, आणि तोही सावकाश धरणारा, २४ तासांचा. पाच मिनिटांचा घेऊ नका. दोन पट्ट्या नीट बसवायला पाच मिनिटं पुरत नाहीत, आणि तो गरमीत लवकर मऊ पडतो.

आता खरी अडचण. माझा पहिला नेक मी पांढऱ्या गोंदाने केला. जूनमध्ये तारा चढवल्या, गणपतीपर्यंत नेक वाकला. दुसरा इपॉक्सीने केला, तोही वाकला. फिंगरबोर्ड, म्हणजे नेकवर चिकटवलेली बोटं ठेवायची फळी, उचलून पट्टी काढली, तर ती दुकानातून आणली तशीच चकचकीत, गोंदाचा कणही तिला नव्हता. या वेळी चूक गोंदाची नव्हतीच. तयार पट्ट्या गरम साच्यातून ओढून काढतात. साच्याला चिकटू नयेत म्हणून मिसळलेला पदार्थ त्यांच्या पृष्ठभागावर राहतो, आणि तो गोंदालाही चिकटू देत नाही.

म्हणून क्रम पाळा. आधी ॲसिटोनने पट्टी पुसा. हे आधी नाही केलं तर पॉलिश पेपर तो तेलकटपणा चरांमध्ये घासून बसवतो. मग १२० नंबरच्या पेपरने चारही बाजू घासा, चमक पूर्ण जाईपर्यंत. पेपर ओला ठेवा, मास्क लावा, ती काळी धूळ छातीत जाऊ देऊ नका. पुन्हा ॲसिटोन, दर वेळी कोऱ्या फडक्याने, फडकं काळं होणं थांबेपर्यंत. शेवटी पाण्याचा थेंब टाका. पाणी पसरलं तर पट्टी तयार, मणी होऊन राहिलं तर पुन्हा घासा. तयार पट्टी कोरडी करा आणि मग उघड्या बोटांनी धरू नका. नेक सागवानी असेल तर खाचही गोंद लावायच्या जरा आधी ॲसिटोनने पुसा. सागाचं तेल पुन्हा वर येतं, आदल्या दिवशी पुसून उपयोग नाही.

एवढं करूनही आधी चाचणी घ्याच. त्याच लाकडाच्या तुकड्यात पट्टीचा बोटभर तुकडा चिकटवा, दोन दिवसांनी पटाशीने उपटा. पट्टीबरोबर लाकडाचे तंतू निघाले पाहिजेत. स्वच्छ पट्टी हातात आली तर नेकला हात लावू नका.

इपॉक्सीचे दोन भाग, रेझिन आणि ते कडक करणारा हार्डनर, डब्यावरच्या प्रमाणातच घ्या. वजन लिहिलं असेल तर काट्यावर तोला. लवकर धरावा म्हणून हार्डनर वाढवणारे मी पाहिलेत. जादा हार्डनर जोडात तसाच राहतो आणि जोड मऊ राहतो. मिश्रण उथळ ताटलीत पसरा. खोल वाटीत ते स्वतःच्याच उष्णतेने तापून भलत्या वेळी धरतं. हातमोजे घाला.

आषाढ-श्रावणात हे काम मी करत नाही. दमट हवेत बऱ्याच हार्डनरांचा हवेतल्या ओलाव्याशी आणि कार्बन डायऑक्साइडशी संयोग होऊन वर मेणचट थर येतो. त्यावर फिंगरबोर्ड चिकटवला तर तो सुटतो. थर आलाच तर आधी कोमट पाण्याच्या ओल्या फडक्याने पुसा, मग घासा. थेट घासू नका.

गोंद खाचेत आधी घाला, पट्टी एका टोकापासून हळूहळू दाबत न्या म्हणजे हवा बाहेर पडते. ट्रस रॉडच्या, म्हणजे नेकचा बाक जुळवायच्या पोलादी सळीच्या, खाचेवर मास्किंग टेप हवीच. कार्बन पोलादाला टेकू देऊ नका. खाऱ्या हवेत कार्बनला लागलेलं पोलाद लवकर गंजतं. हलका क्लॅम्प लावा, वर आलेला गोंद दुसऱ्या दिवशी तासून घ्या.

तारा सात दिवसांनी चढवा. साधा इपॉक्सी ५० ते ६० अंशांना मऊ पडू लागतो, म्हणून गिटार घेणाऱ्याला एवढं सांगाच: एप्रिलच्या उन्हात बंद गाडीत ती ठेवू नका.