लॉकहार्टला बार्बेक्यू खायला जाताना

टेक्सासमधल्या ऑस्टिनला कुणाकडे गेलात, तर दक्षिणेला साधारण ५० किलोमीटरवरच्या लॉकहार्टसाठी एक दुपार राखून ठेवाच. तिथलं ब्लॅक्स हे बार्बेक्यूचं हॉटेल १९३२ पासूनचं. पण आधी स्मिटीज या दुसऱ्या हॉटेलात जा. आत शिरताच भट्टीच्या तोंडाशी, जमिनीवरच ओकची लाकडं धडधडत असतात आणि भिंती धुरानं काळ्याकुट्ट झालेल्या. मांस वजनावर मिळतं, जाड कागदावर. एकदम किलोभर घेऊ नका. अर्धा पाउंड, म्हणजे सव्वादोनशे ग्रॅम, एकाला पुरतं. ब्रिस्केट चरबीवालं मागा, कोरडं नको. ब्रिस्केट म्हणजे गोमांस, आणि इथल्या सॉसेजमध्येही ते बहुधा असतंच. खात नसाल तर पोर्कच्या बरगड्या किंवा टर्की घ्या. बाराच्या आत पोहोचा, दुपारनंतर चांगले तुकडे संपतात.