युद्धविरोधी चित्रांची तुलना करायचीय? आधी मारणारा कुठे उभाय ते बघा

गोया आणि पिकासो या दोन स्पॅनिश चित्रकारांची चित्रं शेजारी ठेवून बरेच जण लिहून मोकळे होतात की दोन्हींत युद्धाची भीषणता दिसते. कृपा करून एवढ्यावर थांबू नका, कारण मग मेलेली माणसं सगळी एकसारखी होतात आणि हे फार वाईट आहे.

पहिल्यांदा घटना समजून घ्या. माद्रिदमध्ये फ्रेंच सैन्याविरुद्ध उठाव झाला आणि नंतर लोकांना धरधरून गोळ्या घातल्या, ते गोयाचं 'तीन मे 1808', पण रंगवलं 1814 ला, फ्रेंच गेल्यावर. स्पेनमधल्या ग्वेर्निका गावावर जर्मन आणि इटालियन विमानांनी बॉम्ब टाकले 26 एप्रिल 1937 ला, पिकासो तेव्हा पॅरिसमध्ये, त्याने पेपरात वाचलं आणि जूनमध्ये 'ग्वेर्निका' हे चित्र तयारसुद्धा. म्हणजे एकीकडे 6 वर्षांचं अंतर आणि दुसरीकडे 6 आठवडेसुद्धा नाही, हे आधी टिपून ठेवा.

आता मारणारा शोधा. गोयाकडे सैनिक आहेत पण पाठमोरे, एकाचाही चेहरा नीट दिसत नाही. ग्वेर्निकात मारणारा नाहीच, विमान नाही की बॉम्ब नाही, नुसता वरून आलेला मृत्यू. आणि पिकासोचंच 1951 चं 'कोरियातलं हत्याकांड' घ्या, तिथे गोयासारखेच उजवीकडे बंदूकवाले, पण रोबोटसारखे, आणि समोर नागड्या बायका, त्यात गरोदर, आणि पोरं.

यानंतर उजेड बघा, मला स्वतःला इथे सगळ्यात जास्त सापडतं. गोयाच्या चित्रात जमिनीवर मोठा कंदील आहे, त्याचा उजेड पांढऱ्या शर्टवाल्या माणसावर पडतो, दोन्ही हात वर पसरलेले, गुडघ्यावर बसलाय, उजव्या तळहातावर ख्रिस्तासारखी खिळ्याची खूण. पण तो कंदील मारणाऱ्यांच्या सोयीचा आहे ना, नेम धरायला! आणि त्याच उजेडात समोर पालथा पडलेला मेलेला माणूस बघा, त्याचेही हात तसेच पसरलेत. ग्वेर्निकात वर डोळ्यासारखा बल्ब आहे आणि खिडकीतून एक बाई दिवा पुढे करतेय, दोन उजेड आणि दोघांचा मेळ नाही. कोरियाच्या चित्रात साधा दिवसाचा उजेड, लपायला कुठे जागाच नाही.

साइज विसरू नका. मोबाईलवर तिन्ही सारखीच दिसतात पण ग्वेर्निका जवळजवळ साडेतीन बाय पावणेआठ मीटर आहे, गोयाचं साधारण 2.7 बाय 3.5, कोरियाचं फक्त 1.1 बाय 2.1. भिंतीवर टेप लावून मोजून बघा, पावणेआठ मीटर आपल्या हॉलमध्ये मावणार नाहीत बहुतेक.

लिहिताना प्रत्येक वाक्यात 'इथे आहे, तिथे नाही' असं काहीतरी ठोस येऊ द्या.

आणि हे जमलं की जपानच्या इरी आणि तोशी मारुकी या नवराबायकोची हिरोशिमाची चित्रं घ्या. 1950 पासून पुढे 15 मोठी चित्रं काढली दोघांनी. सुरुवातीला आपल्या देशाची जळालेली माणसं, पण 1971 ला त्याच हिरोशिमात मेलेले अमेरिकन युद्धकैदी, 1972 ला तिथले कोरियन, आणि या 15 चित्रांबाहेर, 1975 मध्ये तर जपानी सैन्याने चीनमधल्या नानकिंगमध्ये केलेली कत्तल. गोयाने माद्रिदची माणसं रंगवली, पिकासोने स्वतःच्या देशातलं गाव, मारुकींनी मात्र आपल्याच बाजूने मारलेलेही रंगवले. कोणाच्या बाजूचे मेलेले रंगवलेत, हा प्रश्न तुलनेत नक्की घाला.