बंद पडलेली स्वस्त हायब्रिड घेताय? या चुका टाळा

कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या माझ्या शेडवर कोणी ना कोणी मोबाईलवरचा फोटो घेऊन येतंच. "काका, गाडी एक नंबर आहे, फक्त बॅटरी गेलीय. घेऊ का?" मी विचारतो, कुठली बॅटरी? तिथं पोरगं गप्प होतं. पैसे बुडतात ते याच प्रश्नावर, म्हणून आधी हाच.

‘फक्त बॅटरी गेलीय’ यावर विश्वास

टोयोटाच्या कॅमरी, प्रियससारख्या हायब्रिडमध्ये, म्हणजे इंजिन आणि विजेची मोटर दोन्ही असलेल्या गाडीत, दोन बॅटऱ्या असतात. एक नेहमीची १२ व्होल्टची. तिसऱ्या पिढीच्या प्रियसमध्ये ती मागे डिकीत असते, बोनेटखाली शोधू नका. दुसरी मोठी, हाय व्होल्टेजची. त्याच प्रियसमध्ये २८ मॉड्यूल, म्हणजे छोट्या बॅटऱ्या, मिळून २०१.६ व्होल्ट. या गाड्यांना वेगळा स्टार्टर नसतो, इंजिन फिरवते ती मोठ्या बॅटरीवर चालणारी मोटर. म्हणजे मोठी बॅटरी झोपली की जम्प मारा नाहीतर चार माणसं लावून धक्का मारा, इंजिन फिरत नाही. उलट १२ व्होल्टची उतरली असेल, तर मोठी ठणठणीत असूनही सिस्टीम जागी होत नाही. १२ व्होल्टच्या दुखण्याला काही हजार लागतात, मोठीच्या दुखण्याला नवीन पॅक, म्हणजे अख्खी मोठी बॅटरी, घातला तर लाखांत जातं. बाहेरून दोन्ही गाड्या सारख्याच बंद दिसतात.

मी बघायला जाताना माझी चार्ज केलेली १२ व्होल्टची बॅटरी घेऊन जातो. जोडताना प्लस-मायनस दोनदा बघतो, कारण उलटी लागली तर फ्यूज जातोच, गाडीच्या मोटरला वीज देणारा इन्व्हर्टरही जाऊ शकतो. मग ब्रेक दाबून बटण दाबायचं आणि मीटरवर ‘रेडी’ येतंय का ते बघायचं. नुसते दिवे लागले म्हणून टाळ्या वाजवू नका. आणि रेडी आल्यावर इंजिनाचा आवाज आला नाही तरी गाडी चालूच असते. रेडी आलं नाही तर बिघाडाचे कोड वाचणारा स्कॅनर लावतो. पी०ए८० कोड दिसला की मोठ्या पॅकचा खर्च धरूनच बोलायचं. मालक स्कॅनर लावू देत नसेल तर मी चहासुद्धा न घेता निघतो.

गाडी किती महिने उभी आहे हेही विचारा. निकेलची मोठी बॅटरी उभ्या उभ्या उतरत जाते, आणि घरच्या चार्जरनं ती भरता येत नाही.

पुराची गाडी न ओळखणं

ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ ला पंचगंगेचं पाणी कुठवर आलं होतं हे कोल्हापुरात कुणाला सांगायला नको. शिरोलीजवळ हायवे बंद होता. त्या पाण्यात उभ्या राहिलेल्या गाड्या धुऊन-पुसून बाजारात आल्या.

जयसिंगपूरचा एक पोरगा सोनं तारण ठेवून मोठी हायब्रिड सेडान घेऊन आला. एजंटनं सांगितलं होतं, फक्त बॅटरी. त्यानं स्वतःच नवीन १२ व्होल्टची घातली, मीटर उजळलं, घरी पेढे वाटले. रेडी मात्र येईना. स्कॅनरवर पी०एए६ आला, म्हणजे हाय व्होल्टेजचं इन्सुलेशन कुठंतरी फुटलंय. मोठ्या बॅटरीची वीज तोडणारा सर्व्हिस प्लग काढला, दहा मिनिटं थांबलो, रबरी हातमोजे घातले आणि मागची सीट काढली. पॅकच्या पत्र्यावर करडा, बारीक गाळ होता. मॉड्यूल जोडणाऱ्या तांब्याच्या पट्ट्या हिरव्या पडल्या होत्या. पोरगं स्टुलावर बसून कार्पेटखालचा गाळ नखानं खरवडत राहिलं. एक शब्द बोललं नाही. ती गाडी पुढे पार्टमध्येच विकावी लागली. त्याचं दुःख मला आजही आहे, कारण दोन मिनिटांचं काम होतं.

ते काम असं: मागच्या सीटचा बेल्ट शेवटपर्यंत ओढा. वरचा भाग सगळे धुतात, आत गुंडाळलेला कुणी धूत नाही. तिथं पाण्याची रेघ किंवा माती सापडते. मग सीटखालचे बोल्ट आणि स्टेपनीचा खड्डा बघा. इन्शुरन्समध्ये टोटल लॉस, म्हणजे दुरुस्ती परवडत नाही अशी गाडी, ठरली होती का ते विचारा, कागद मागा.

बाकीच्या चुका

एकच मॉड्यूल बदलून ‘गाडी झाली’ म्हणणाऱ्याच्या नादी लागू नका. जुन्या सत्तावीसांत एक नवीन घातलं की काही महिन्यांत दुसरं बंद पडतं. हा शॉर्टकट मला मान्य नाही, मी तो करून देत नाही.

व्हिडिओ बघून हाय व्होल्टेजच्या केशरी वायरींना हात घालू नका. पोरांना घाई असते, विजेला नसते.

मारुतीच्या सियाझ एसएचव्हीएसवर हायब्रिड लिहिलेलं असलं तरी ती सौम्य हायब्रिड, म्हणजे मोटर इंजिनाला फक्त हात देते. तिच्यात हा हाय व्होल्टेजचा पॅक नाही, तिला प्रियसचे नियम लावू नका.

चावी एकच असेल तर दुसरीचा खर्च धरा. आरसीवर बँकेचा बोजा असेल तर तो उतरल्याशिवाय इसारही देऊ नका.

भाव ठरवताना मी चालू गाडीच्या भावातून नवीन पॅकचं कोटेशन, ओढून आणायचं भाडं आणि कागदांचा खर्च वजा करतो. उरेल त्याहून एक रुपया जास्त देत नाही.

आणि घेतलीच तर पुढची चाकं रस्त्यावर ठेवून दोरीनं टोचन करू नका. चाकं फिरली की आतली मोटर फिरते आणि वीज तयार करते. अख्खी गाडी वर चढवून नेणारा फ्लॅटबेड ट्रकच बोलवा, भाडं जास्त पडलं तरी.