प्फांट: एकाच शब्दात अनामत, गहाण आणि जप्ती

जर्मनीत पहिलाच बाजारहाट केलात की बिलावर ‘प्फांट’ दिसेल, म्हणजे रिकामी बाटली परत केली की मिळणारी अनामत. स्वस्तातलं पाणी घेतलं तर बाटलीची अनामत पाण्याहून जास्त भरते. उच्चारताना ओठ मिटून ‘प’ आणि लगेच ‘फ’. शेवटी ‘ड’ लिहितात, पण ऐकू येतो ‘ट’. ‘प्फुंट’ म्हणालात तर तो अर्धा किलो झाला.

मूळ शब्द जुन्या जर्मनमधला ‘प्फांत’, म्हणजे देणं फिटेपर्यंत दुसऱ्याकडे ठेवलेली वस्तू. आपलं तारण.

एकदाच वापरायची प्लॅस्टिकची बाटली किंवा कॅन असेल तर 25 सेंट. ही सक्ती 2003पासूनची. पुन्हा भरायच्या बिअरच्या साध्या बाटलीला 8, तारेच्या बुचाची असेल तर 15. वीस बाटल्यांच्या क्रेटचे बाटल्यांसह 3.10 युरो होतात, म्हणून रिकामा क्रेट तळघरात टाकून देऊ नका. वाइनच्या बाटलीला सहसा प्फांट नसतो. ती रंगानुसार काच टाकायच्या डब्यात.

बाटली चेपू नका, लेबल सोलू नका. दुकानातलं बाटल्या परत घेणारं मशीन बारकोड आणि वळलेल्या बाणाची खूण वाचतं. ते वाचता आलं नाही की बाटली परत ढकलतं. 200 चौरस मीटरपेक्षा मोठं दुकान 25 सेंटवाली बाटली दुसरीकडची असली तरी घेतं. पुन्हा भरायच्या बाटलीचं तसं नाही, तो प्रकार तिथे विकत असतील तरच. शेवटी हिरवं बटण दाबून चिठ्ठी घ्या आणि ती त्याच दुकानाच्या काउंटरवर द्या. खिशात राहून धुतली गेली की पैसे गेले.

घरभाड्याच्या अनामतीला मात्र प्फांट म्हणत नाहीत; ती ‘काउत्सिओन’, जास्तीत जास्त तीन महिन्यांचं मूळ भाडं. सोनं गहाण ठेवायचं दुकान ‘प्फांटहाउस’: व्याज महिन्याला एक टक्का, वर शुल्क वेगळं.

‘प्फेंडुंग’ लिहिलेलं पत्र आलं तर ती जप्ती. रेडिओ-टीव्हीच्या सक्तीच्या वर्गणीची पत्रं जाहिरात समजून फेकणाऱ्यांवर ही वेळ येते, घरात टीव्ही नसला तरी. खातं गोठलं तर बँकेला लगेच ते ‘पे-कॉन्टो’, म्हणजे जप्तीपासून संरक्षण असलेलं खातं करायला सांगा. ठरावीक रक्कम सुरक्षित राहते. जप्त वस्तूवर डकवतात त्या शिक्क्याला लोक ‘कुकुक’, म्हणजे कोकीळ म्हणतात. पूर्वी शिक्क्यावर असलेल्या सरकारी गरुडाची ती थट्टा.