नॅरोबोटीच्या टपावरचे वसंतकंद: या चुका टाळा

इंग्लंडच्या कालव्यांवर नॅरोबोटीत, म्हणजे लांबट, अरुंद बोटीत, राहणाऱ्यांच्या वाट्याला बाग म्हणून येतो तो बोटीचा टप. अरुंद कालव्यांवरच्या लॉकमधून (पाण्याची पातळी वर-खाली करून बोट चढवणाऱ्या-उतरवणाऱ्या, दरवाजे असलेल्या कप्प्यातून) जाता यावे म्हणून बोटीची रुंदी जेमतेम 2.08 मीटर ठेवलेली असते, त्यामुळे डॅफोडिल, ट्युलिप, क्रोकस यांच्या कुंड्या ठेवायला दुसरी जागाच उरत नाही. पहिल्या वर्षी सगळे छान फुलते, कारण आपण कंद विकत घेतो तेव्हाच कळी त्याच्या पोटात तयार असते. कंदाची खरी निगा राखली की नाही, हे दुसऱ्या वर्षी कळते.

सर्वांत महागात पडणारी चूक एप्रिल-मेमध्ये होते. फुले सुकतात आणि नेमका तेव्हाच प्रवासाचा हंगाम सुरू होतो. सुकाणू मागच्या टोकाला असल्यामुळे चालवणाऱ्याला संपूर्ण टपावरून पुढे पाहावे लागते, आणि मध्येच लोळणारी पाने आड येऊ लागली की ती कापली जातात किंवा त्यांना गाठ मारली जाते. मीही हेच केले होते; पुढच्या मार्चमध्ये कुंडीभर हिरवीगार पाने आली, फूल मात्र एकही आले नाही. फूल गळल्यानंतर किमान सहा आठवडे पाने उन्हात अन्न तयार करून कंदात साठवतात आणि त्याच साठ्यावर पुढची कळी धरते. म्हणून सुकलेले फूल तेवढे खुडावे, पाने आपोआप पिवळी पडू द्यावीत, पाणी चालू ठेवावे आणि टोमॅटोला देतात ते पालाशयुक्त द्रवखत द्यावे. नजरेची अडचण असेल तर ‘टेट-अ-टेट’सारखा बुटका डॅफोडिल निवडावा.

दुसरा गैरसमज असा, की सगळे कंद सारखेच वाढतात. डॅफोडिलचा कंद वर्षानुवर्षे टिकतो आणि त्याच्या बुडाशी पिल्ले सुटतात. लसणाच्या पाकळ्यांप्रमाणे ती एकाच पापुद्र्यात दाटीने बसलेली दिसतात. दाटी वाढली की फुले कमी होतात, म्हणून तीन-चार वर्षांनी पाने वाळल्यावर कंद काढून पिल्ले वेगळी करावीत. ट्युलिपचा मूळ कंद मात्र दरवर्षी संपतो आणि मागे लहान कंद ठेवतो. त्यांतला फार लहान असेल तो एकच रुंद पान काढून थांबतो. त्यामुळे कुंडीतल्या ट्युलिपसाठी दर नोव्हेंबरला नवे कंद घेणेच मला योग्य वाटते. क्रोकसचा नवा कंद जुन्याच्या डोक्यावर बसतो आणि जुना खाली चकतीसारखा सुकून राहतो.

ट्युलिपला सुमारे 12 ते 14 आठवड्यांची सलग थंडी लागते, म्हणून त्याची कुंडी शेगडीच्या चिमणीशेजारी ठेवू नये. कुंडीखाली लाकडी पट्ट्या द्याव्यात. नाहीतर पाणी तुंबून कंद सडतो आणि टपाच्या रंगाखाली गंजही धरतो. कंद त्याच्या उंचीच्या दोन-तीन पट खोल टोकावा.

काढलेले कंद ठेवताना विशेष जपावे. बोटीत जागा थोडी, त्यामुळे ते सहज कांद्याच्या टोपलीत जाऊन पडतात. डॅफोडिलचा कंद विषारी आहे आणि वाळल्यावर तो हुबेहूब कांद्यासारखा दिसतो. तो कागदी पिशवीत घालून, पिशवीवर नाव लिहून, स्वयंपाकाच्या ओट्यापासून दूर टांगावा.