देवगांडूळ शोधायला निघालात? या चुका टाळा

पावसाळा लागला की बेळगावहून जांबोटी, कणकुंबी, चोर्ल्याकडे गाड्या सुटतात. धबधबा बघून झाला की काही हौशी मंडळी देवगांडुळासाठी दगड उलटायला लागतात. चार-पाच दगड झाले की "इथं काय नाही बघा" म्हणत सगळे भज्यांच्या गाड्याकडे! जो प्राणी मातीखाली जगतो, त्याच्यासाठी एवढा वेळ पुरत नाही.

देवगांडूळ हा बिनपायाचा उभयचर, बेडकांचा नातलग. चोर्ला परिसरातल्या एका जातीचं शास्त्रीय वर्णन २००७ साली झालं आणि तिला म्हादई नदीचं नाव मिळालं.

ओळखण्याची घाई
हाती लागतो तो बहुतेक वेळा वाळा किंवा खापरखवल्या. दोन्ही साप. त्यांचं अंग कोरडं, खवले चकचकीत. वाळा बारीक जीभ बाहेर काढतो. देवगांडुळाचं अंग ओलं, बुळबुळीत, त्यावर आडवी वळी. गांडुळाला नसतात ते जबडा, दात आणि पाठीचा कणा त्याला असतात. डोळा दिसला नाही म्हणून निकाल देऊ नका, काही जातींत तो झाकलेलाच असतो. खात्री होण्याआधी काठी तर मुळीच उचलू नका. साप समजून कितीतरी देवगांडुळं फुकट मारली जातात.

कोरड्या मातीत शोधणं
उन्हाळ्यात काही दिसलं नाही, यावरून काहीच ठरत नाही. माती सुकली की देवगांडुळं खोल जातात. पावसाळ्यात शेणखताचे ढीग, कुजलेला पाला, केळीचे बुंधे, ओढ्याकाठचे दगड बघा. माती ओली हवी, पण पाणी साचलेली नको.

रिकाम्या हाताची नोंद न करणं
माझ्या मते सगळ्यात मोठी चूक हीच. तारीख, वेळ, पाऊस, माती कशी होती, किती दगड बघितले, हे सगळं लिहा आणि "नाही" हेही लिहा. त्याच बांधावर पुन्हापुन्हा गेलात तर कुठल्या पावसानंतर ती वर येतात याचा अंदाज या वहीतूनच लागेल. फक्त सापडल्याचे फोटो ठेवणाऱ्याला हे कधीच कळत नाही.

दगड आणि हात
कुदळ चालवू नका, प्राणी तुटतो. दगडाची पलीकडची कड आपल्याकडे उचला, म्हणजे खाली फुरसं किंवा विंचू असला तर मध्ये दगड राहतो. मग दगड होता तसाच ठेवा. डासांचं मलम लावलेल्या हाताने देवगांडुळाला शिवू नका, त्याची कातडी श्वासही घेते. भीमगड अभयारण्यात वनखात्याच्या परवानगीशिवाय ही शोधाशोध नको. आपलं शेत, ओळखीच्यांची बाग आहे की!

वरून एकच फोटो
त्यावरून जात ठरत नाही, आणि "नवीन जात सापडली" हे तर नाहीच नाही. वळी मोजावी लागतात, दातही तपासावे लागतात. निदान डोक्याची बाजू, अंगाचा मधला भाग आणि शेपटीचं टोक असे तीन फोटो शेजारी पट्टी ठेवून काढा. मग प्राणी सापडला त्याच जागी सोडा. आधी दगड ठेवा, मग त्याच्या कडेला प्राणी, नाहीतर दगडाखाली चिरडेल.