गाडी १९६६ ची, आतलं सगळं १९६६ चं नाही

माझी एमजीबी, म्हणजे ब्रिटिश एमजी कंपनीची दोन सीटची स्पोर्ट्स कार, १९६६ सालची आहे, पण कंपनीतून निघाली तशी ती राहिलेली नाही. पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या दोन एसयू कार्ब्युरेटरच्या जागी एक वेबर ४५ कार्ब्युरेटर बसवलाय, बॅटरी चार्ज करणारा डायनॅमो जाऊन ऑल्टरनेटर आलाय, ठिणगीची वेळ साधणाऱ्या पॉइंटच्या जागी इलेक्ट्रॉनिक इग्निशन, आणि गिअरबॉक्स फोर्डचा, पाच गिअरचा. हे सगळं आधीच्या मालकांनी केलं. मला त्यातलं काहीच वाईट वाटत नाही, कारण त्यामुळेच ही गाडी आजच्या रस्त्यावर न कुरकुरता चालते. वाईट एवढंच वाटतं, की काय बदललं हे कोणी लिहून ठेवलं नाही. अशी गाडी घेतली असेल तर पहिलं काम पान्याचं नाही, वहीचं आहे.

हा धडा मला महागात पडला. कंपनीच्या पुस्तकात लिहिलंय की १९६६ च्या गाडीत बॅटरीचा पॉझिटिव्ह बॉडीला जोडतात. मी बॅटरी बदलताना पुस्तकावर विश्वास ठेवून तशीच जोडली. पण ऑल्टरनेटर बसवताना कोणीतरी गाडी निगेटिव्ह अर्थ, म्हणजे बॅटरीचा निगेटिव्ह बॉडीला जोडलेली, करून घेतली होती. ऑल्टरनेटरचे डायोड गेले, इग्निशनचं मॉड्यूलही गेलं. म्हणून बॅटरी काढण्याआधी बॉडीला जाणारी जाड केबल कुठल्या टोकापासून निघते ते डोळ्यांनी बघा आणि बॅटरीच्या खणाच्या झाकणावर ठळक लिहून ठेवा. पुस्तक कंपनीच्या गाडीबद्दल बोलतं, तुमच्या गाडीबद्दल नाही.

वहीत एका पानावर एकच भाग घ्या. तो मुळात कुठल्या गाडीचा, त्यावर कोरलेला नंबर काय, त्याला कुठला पाना लागतो आणि त्याचे सुटे भाग काय नावाने मागायचे. इंजिनापासून सुरुवात करा. ब्लॉकवर छोटी पट्टी असते. १९६६ च्या गाडीत नंबर १८जीबीने सुरू व्हायला हवा. १८व्ही दिसला तर ते १९७० च्या दशकातलं इंजिन आहे. कंपनीने मुळात काय बसवलं होतं ते ब्रिटिश मोटर म्युझियमकडून मिळणाऱ्या हेरिटेज सर्टिफिकेटवर असतं. ब्लॉकवरचा नंबर, सर्टिफिकेटवरचा नंबर आणि नोंदणीच्या कागदावरचा नंबर ताडून पाहा. विमा कंपनीला सगळे बदल लेखी कळवा, तोंडी नको.

आता आट्यांबद्दल. यावर मी जास्त बोलणार आहे, कारण इथे जिवाशी गाठ असते. जुन्या गाडीचे बोल्ट इंचातले, नंतर आलेल्या भागांचे मिलिमीटरमधले. पाच-सोळांश यूएनएफ (इंचातला, बारीक आट्यांचा) आणि एम८ (८ मिलिमीटरचा) हे दोन बोल्ट शेजारी ठेवले तर जुळे भाऊ वाटतात. एकाचा बोल्ट दुसऱ्याच्या भोकात लावला तर दीड-दोन फेरे छान जातो, मग अडतो. तिथेच थांबायचं आणि उलटा फिरवून काढायचा. पाना करकचून आवळलात तर आटे गेलेच म्हणून समजा. पान्याचंही तसंच: अर्ध्या इंचाच्या डोक्यावर १३ चा पाना बसतो खरा, पण किंचित सैल, आणि जोर लावला की कोपरे गोल करतो. आटे मोजायचा गेज स्वस्त असतो. तो वहीला दोऱ्याने बांधूनच ठेवा.

ब्रेकच्या पाइपात धोका उलटा आहे. तीन-अष्टमांश यूएनएफचा नट एम१० च्या भोकात अडत नाही, आरामात आत जातो, कारण तो जाडीला थोडा कमी आणि आट्यांची चाल जवळपास सारखीच. शेवटी आवळल्यासारखाही वाटतो. पण पकड अर्धवट असते, आणि जोरात ब्रेक दाबला की तो निसटू शकतो. ब्रेकचा प्रत्येक जोड एकदा सोडवून, आटे मोजून, मगच परत लावा. स्वतःवर भरवसा नसेल तर जाणत्या मेकॅनिककडे द्या, पण हे काम पुढे ढकलू नका.

वायरिंगमध्ये ल्युकास या विजेचे भाग बनवणाऱ्या ब्रिटिश कंपनीचे रंग पाठ करा: तपकिरी म्हणजे कायम चालू, पांढरी म्हणजे चावी फिरवल्यावर, हिरवी म्हणजे चावीनंतर फ्यूजमधून आलेली, जांभळी म्हणजे कायम चालू पण फ्यूजमधून, काळी म्हणजे अर्थ. ल्युकासचे आणखीही रंग आहेत, पण वायरिंगच्या नकाशात न बसणारी प्रत्येक वायर कोणीतरी नंतर ओढलेली असणार. तिचा दुसऱ्या टोकापर्यंत माग काढा. माझ्या गाडीत एक लाल वायर थेट बॅटरीपासून पंख्यापर्यंत गेली होती, मध्ये फ्यूजच नव्हता.

वेबरला पेट्रोलचा दाब कमी लागतो, साधारण ३ पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच). कोणी जोरकस पंप बसवला असेल तर कार्ब्युरेटरमधली पेट्रोल अडवणारी सुई बंद राहत नाही, पेट्रोल वाहतं आणि वास येतो. मग दाब कमी करणारा रेग्युलेटर लावायलाच हवा. अ‍ॅक्सिलरेटर कुणाला तरी दाबायला सांगा आणि सोडल्यावर कार्ब्युरेटरची फुलपाखरं (हवेच्या वाटेतल्या झडपा) झटकन मिटतात का ते बघा. परतीच्या स्प्रिंग दोन असाव्यात. गिअरबॉक्स बदलला असेल तर स्पीडोमीटर चुकीचा दाखवू शकतो. फोनच्या जीपीएसशी ताडून फरक वहीत लिहा.

काढलेले मूळ भाग फेकू नका, कितीही गंजलेले दिसोत. माझे एसयू कार्ब्युरेटर मला एका खोक्यात सापडले, दोन्ही मिसळलेले. त्यातला प्रत्येक पिस्टन त्याच्याच घुमटाशी, म्हणजे वरच्या झाकणाशी, जुळवलेला असतो, अदलाबदल चालत नाही. एकेक पिस्टन प्रत्येक घुमटात सोडून मी जोड्या लावल्या. चुकीच्या जोडीत पिस्टन मध्येच घासला, बरोबर जोडीत सावकाश, न अडखळता खाली उतरला. मग हलकं तेल लावून, कापडात गुंडाळून, ‘पुढचा’ आणि ‘मागचा’ अशा चिठ्ठ्या बांधून ठेवले.